नकार कोणाचा?

जयपूरच्या आदर्श नगरात आम्ही ज्या घरात भाड्याने राहतो, त्या घराच्या मालकीणबाई 81 वर्षांच्या आहेत. त्यांचा जन्म मुलतानचा. फाळणी झाली तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या, आणि मुलतान, सिंध व पंजाब येथून उखडून आलेल्या कुटुंबांनी जयपूरच्या तटाबाहेर ज्या वसाहती वसवल्या, त्यांतल्या या आदर्श नगरात त्या पुढे सून म्हणून आल्या. मुलतानहून आलेल्या जैन मंडळींचे मंदिर येथून फार दूर नाही. सगळा मोहल्ला त्यांना माताजी म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीस होते. ते वारल्यापासून माताजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण जिवंत असल्याचा दाखला त्यांना द्यावा लागतो.

गेल्या नोव्हेंबरात त्यांना घेऊन आम्ही तो दाखला देण्यास गेलो. जेथे गेलो त्या जागेचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे प्रसंग सर्वत्र घडतात. काउंटरवरच्या मुलाने अंगठा ठेवण्याचे लहानसे यंत्र पुढे सरकवले. माताजींनी उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग क्रमाने दहाही बोटे. साठ वर्षे पोळ्या लाटून, भांडी घासून, लोणची घालून त्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्राने दहाही वेळा नकार दिला. मुलगा मर्यादेने वागणारा होता. तो म्हणाला, ‘‘माताजी, मशीन नहीं ले रही.’’ त्यावर माताजींनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारले, ‘‘बेटा, मशीन को छोड़. तू तो देख रहा है ना?’’

मुलाला उत्तर सुचले नाही, आणि आम्हालाही नाही. आम्हाला न सुचण्याचे कारण वेगळे होते. ते पुढे सांगू.

घरी परतताना तो प्रश्न मनातून जाईना. त्या मुलाने माताजींना जिवंत पाहिले होते, त्यांच्याशी तो बोलला होता, त्यांना पिण्यास पाणीही त्याने आणून दिले होते. त्याचा स्वतःचा असा काही नकार नव्हता. यंत्राला तर नकार देण्याइतके मनच नाही. यंत्र ज्यांनी बनवले ते दूरच्या शहरात बसलेले. ते विकत घेण्याचा निर्णय ज्यांनी केला ते त्याहून दूर. आणि ज्या मंडळींनी कायदा केला त्यांनी तो म्हाताऱ्या बायकांचे पैसे अडावेत म्हणून खचितच केला नसेल. तरीही त्या दुपारी एका जिवंत स्त्रीला ‘तुम्ही जिवंत आहात असे दिसत नाही’ असे सांगितले गेले. ते सांगितले कोणी?

वाचकांपैकी बहुतेक आमच्यासारखेच बदलीच्या नोकरीत, परमुलखात, कोणत्या ना कोणत्या कचेरीत बसणारे आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातला आहे, आणि तो तसाच मानून आम्ही लिहीत आहोत.

आमच्या आईचे आजोळ मुळशी पेट्यातले. पेट्यातले म्हणजे आज पाण्याखालचे. आईने ते गाव कधी पाहिले नाही, तिच्या आईनेही नाही. कारण आजीचा जन्मच मुंबईच्या चाळीतला. टाटा कंपनीने पुण्याच्या पश्चिमेस, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्याचे ठरवले. त्या पाण्यावर वीज करून ती मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला पुरवायची होती. जमिनी घेण्यासाठी 1894 चा भूसंपादन कायदा सरकारने कंपनीच्या हाती दिला. शेतकऱ्यांना नीट विचारण्यापूर्वीच त्यांच्या शेतांतून चर खणले गेले. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि तेथूनच त्यांना ‘सेनापती’ हे नाव चिकटले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सुमारे साडेतीन वर्षे तो लढा चालला. बापट पुनःपुन्हा तुरुंगात गेले. अखेर रेल्वेगाडी अडवण्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण व्हायचे ते झालेच. पन्नासेक गावे बुडाली आणि मुंबईचे दिवे लागले. आमचे पणजोबाही त्या दिव्यांमागून मुंबईस गेले आणि गिरणीत लागले. ती गिरणी मुळशीच्या पाण्यावर चालत होती की काय, हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही ते आपण होऊन सांगितले नाही.

मात्र एक गोष्ट ते सांगत, आणि ती आजीच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकली आहे. ज्या मोजणीदाराने त्यांच्या खाचराची हद्द लिहून घेतली, त्याला ते मरेपर्यंत नाव घेऊन शिव्या देत. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याच्या घोड्याचा रंग, सारे त्यांच्या लक्षात होते. लहानपणी आम्हाला याचे हसू येई. आता वाटते की त्या माणसाला नाव होते, ही पणजोबांची एक प्रकारे मिळकतच होती. मुळशीच्या शेतकऱ्यापुढे कंपनीचा इंजिनिअर होता, सरकारचा मामलेदार होता, आणि पुण्याचा सावकारही होता. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण होत्या आणि नुकसानभरपाईची रक्कम हाती येत असेल तर पाण्याशी त्यांचे काही भांडण नव्हते. तिन्ही पक्ष अन्यायाचे भागीदार असतील. पण ती माणसे होती. त्यांच्या दारात जाऊन बसता येत होते, त्यांच्या खणकामापुढे आडवे पडता येत होते. सत्याग्रह या गोष्टीलाच समोर कोणी तरी असावे लागते. ज्याच्या सद्बुद्धीला हाक मारायची, त्याला बुद्धी तरी हवी!

अंगठ्याच्या यंत्रापुढे आडवे पडून काय होणार?

येथे आमच्या मनातला एक वाचक आम्हाला अडवील. तो म्हणेल, ‘‘जुन्या काळाचे हे गोडवे पुरे. माणूस जेथे नाही म्हणू शकत होता, तेथे तो पैसे घेऊन हो म्हणत होता. हे यंत्र आले ते कोणामुळे?’’ हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही ज्या राज्यात राहतो तेथे तो अधिकच खरा आहे. राजस्थानच्या राजसमंद, पाली, अजमेर या भागांत 1990 साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांचे हजेरीपट मागण्यास प्रारंभ केला. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी गावोगाव फिरली. 1994 च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनावणी झाली. गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कामावर कधीच न गेलेल्यांची, परगावी राहणाऱ्यांची, इतकेच काय मेलेल्यांचीही नावे मजुरी घेताना सापडू लागली. 1996 साली ब्यावर येथे 40 दिवस धरणे झाले. पुढे जयपुरातही झाले. त्यातूनच 2000 साली राजस्थानचा आणि 2005 साली साऱ्या देशाचा माहितीचा अधिकार जन्मास आला.

ते खोटे हजेरीपट कोणी लिहिले होते? यंत्रांनी नव्हे. आमच्यासारख्याच कोणी तरी, टेबलाशी बसून, बऱ्या अक्षरात. कुंपण शेत खाते हे कळल्यावर लोकांनी कुंपण काढून तारेत वीज सोडण्यास संमती दिली असेल, तर त्यात त्यांचा दोष फारसा नाही. एवढे मात्र लक्षात ठेवले पाहिजे की, ब्यावरच्या लोकांनी यंत्र मागितले नव्हते. त्यांनी हिशेब मागितला होता. हिशेब गावच्या चावडीवर, सर्वांसमोर वाचून दाखवावा, ज्याला शंका असेल त्याने उभे राहून विचारावे, आणि ज्याने लिहिले त्याने उत्तर द्यावे, एवढीच ती मागणी होती. मिळाले ते निराळेच. 2023 च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोनवर छायाचित्र काढून पाठवण्याची सक्ती झाली. फोनला ज्या डोंगरात तरंग मिळत नाही, तेथे घाम गाळलेला दिवस हजेरीपटावर चढत नाही. पूर्वी न आलेला माणूस आलेला दिसे. आता आलेला माणूस न आलेला दिसू लागला. चोरी उलट्या दिशेने वळली म्हणजे ती न्याय होते काय? आणि रोजगार हमी ही कल्पना मुळात आपल्या महाराष्ट्राची, वि. स. पागे यांची, 1977 चा तो कायदा महाराष्ट्राचा. मागेल त्याला काम, हे वचन माणसाने माणसाला दिलेले होते.

‘आधार’चाही आरंभ आपल्याकडलाच आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला क्रमांक दिला गेला; पंतप्रधान स्वतः त्यासाठी आले होते. ज्यांच्याजवळ कसलाही कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा हेतू तेव्हा सांगितला गेला आणि तो उदात्त होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ओळख पटवण्याचे साधन आणि ओळख नाकारण्याचे साधन ही एकाच हत्याराची दोन टोके असतात. 2017 साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी वारली. आधार जोडले नाही म्हणून घरचे रेशन बंद झाले होते आणि ती भुकेने गेली, असे तिच्या आईने सांगितले. मृत्यू तापाने झाला, असे सरकारी बाजूने सांगण्यात आले. 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा बव्हंशी उचलून धरला. त्यातले एकटे विरोधी मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे होते. संविधानाने दिलेली हमी यंत्राच्या लहरीवर टांगून ठेवता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पण बहुमताच्या बाजूनेही, बोटे जुळली नाहीत एवढ्यामुळे कोणाचा घास अडू नये, हे मान्यच होते. म्हणजे कायद्याने नकार दिलेला नाही. न्यायालयानेही दिलेला नाही. मग नकार येतो कोठून? तो काउंटरवर जन्मतो, आणि जन्मताच पोरका असतो.

एक विषयांतर करण्याची परवानगी वाचक देतील. जयपुरास येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही जंतरमंतर दाखवतो. सवाई जयसिंहाने हे शहर 1727 साली वसवले आणि त्याच्या पाठोपाठ ही दगडी वेधशाळा उभारली. या कामात त्याचे विद्वान सहायक होते पंडित जगन्नाथ सम्राट, आपले महाराष्ट्रीय ब्राह्मण. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. येथील सम्राट यंत्राची उंची सुमारे 27 मीटर आहे आणि त्याची सावली दोन सेकंदांपर्यंतचा काळ दाखवते. आमची सात वर्षांची मुलगी ती सावली दगडावरून सरकताना पाहून म्हणाली, ‘‘बाबा, मला दिसतंय!’’ तिला कोणी समजावले नव्हते. सूर्य उघडा, कर्ण उघडा, दगडावर कोरलेले अंक उघडे. चूक असेल तर तीही भर उन्हात. आम्हाला वाटते, तेही यंत्रच होते, आणि माताजींच्या पुढे आले तेही यंत्रच. परंतु पहिल्याशी वाद घालता येतो. आम्ही यंत्रांचे वैरी नाही. घरी मिक्सर आहे, मुंबईच्या आईशी रोज रात्री फोनवर समोरासमोर बोलणे होते, आणि हा लेखही संगणकावरच लिहिला आहे. असो.

राजकारण या गोष्टीत कोठे येते, ते पाहण्यासाठी आम्हाला आदर्श नगराबाहेर जावे लागले नाही. 26 सप्टेंबर 2021 रोजी राजस्थानात शिक्षक पात्रतेची ‘रीट’ परीक्षा झाली. सोळा लाखांहून अधिक अर्ज होते. पेपर फुटू नये म्हणून त्या दिवशी जयपुरासह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचे पैसे अडले. राजापार्कच्या नाक्यावर ज्यांना गिऱ्हाइकाचा पत्ताच फोनवर येतो ते रिक्षावाले दिवसभर बसून राहिले. आमच्या शेजारच्या मुलाचा त्या दिवशी परदेशी मुलाखतीचा योग होता, तो गेला. आणि पेपर? तो फुटलाच. पुढे 2022 च्या फेब्रुवारीत त्या परीक्षेचा दुसरा स्तर रद्द करावा लागला. तारा बंद ठेवल्या त्या भाजीवाल्याच्या. कपाटातून कागद काढणाऱ्याला तारेची गरज नव्हती. इंटरनेट बंद करण्याचे त्या वेळी लागू असलेले नियम 2017 साली झाले होते आणि ते सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठीच होते. 2020 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल. परीक्षा ही आणीबाणी आहे काय, हे कोणाला तरी विचारावे असे त्या भाजीवाल्याच्या मनात आलेच, तर त्याने कोणत्या दारावर थाप मारावी? त्याच्या फोनवर एक वर्तुळ फिरत होते. हुकमावर सही कोणाची, हे त्या वर्तुळात दिसत नाही.

कंपन्यांचे आणखी पुढचे आहे. संध्याकाळी राजापार्कच्या खाण्याच्या दुकानांसमोर रंगीत बनियनांतली पोरे मोटारसायकलींवर फोनकडे बघत बसलेली असतात. त्यांतला एक, टोंककडचा, आमच्याकडे कधी कधी पाणी प्यायला येतो. एके दिवशी तो आला तो मोटारसायकल ढकलीत. म्हणाला, ‘‘साहब, आयडी बंद हो गई.’’ का, ते त्याला ठाऊक नव्हते. विचारायचे कोणाला, तेही ठाऊक नव्हते. फोनवर एक खिडकी उघडते, तीत लिहायचे, आणि यंत्रच उत्तर देते की आपली अडचण आम्हाला समजते. आमच्या पणजोबांना गिरणीतून काढले असते तर मुकादमाने तोंडावर सांगितले असते, आणि युनियनचा माणूस दुसऱ्या दिवशी त्या मुकादमाला गाठता. येथे मालकच म्हणतो की आम्ही मालक नव्हेत, आम्ही फक्त गाठ घालून देणारे आहोत. या पोरांसाठी देशातला पहिला स्वतंत्र कायदा 2023 च्या जुलैत राजस्थान विधानसभेनेच केला: त्यांची नोंदणी, कल्याण मंडळ, प्रत्येक व्यवहारामागे कंपनीकडून थोडी रक्कम. पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. परंतु कायदा होणे आणि कायदा टेबलापर्यंत पोचणे यांतले अंतर किती असते, ते आपल्या वाचकांस आम्ही काय सांगावे!

कोणी म्हणेल, ही गरीब देशाची दुखणी आहेत. यंत्र चांगले असेल तर हे होत नाही. त्यांनी इंग्लंडच्या टपालखात्याची हकीकत अवश्य पाहावी. तेथे 1999 पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक-व्यवस्था बसवण्यात आली. ती फुजित्सु या कंपनीची. खेड्यापाड्यांतले टपालदुकान चालवणारे लोक संध्याकाळी हिशेब जुळवत, तेव्हा यंत्र म्हणे, इतके पौंड कमी आहेत. ते मदतीसाठी फोन करत. पलीकडून सांगितले जाई की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. त्यांनी घरे विकून ते न हरवलेले पैसे भरले. 2015 पर्यंत 900 हून अधिक माणसे चोर ठरली. कित्येक तुरुंगात गेली. काहींनी जीव दिला. तेथील न्यायालयांचा संकेत असा की संगणक बरोबर चालतो हे गृहीत धरायचे, आणि तो चुकला असेल तर ते ज्याचे त्याने सिद्ध करायचे. ज्याला यंत्राच्या पोटात डोकावण्याचीही मुभा नाही त्याने! 2019 च्या डिसेंबरात न्यायालयाने यंत्रात दोष असल्याचे ठरवले, 2021 साली अनेक शिक्षा रद्द झाल्या, आणि 2024 च्या मे महिन्यात पार्लमेंटला खास कायदा करून उरलेल्यांना निर्दोष ठरवावे लागले. यात आम्हाला सर्वांत भय वाटते ते यंत्राचे नव्हे. वीस वर्षे शेकडो शिकलेली, सभ्य, आपल्यासारखीच पगारदार माणसे त्या फोनच्या पलीकडच्या बाजूस बसून होती, त्यांचे भय वाटते. त्यांतल्या कोणालाच हे सारे लोक चोर कसे असतील, असे वाटले नसेल काय? वाटले असेल. पण ‘यंत्र असे म्हणते’ या वाक्यात एक मऊ उशी आहे; तिच्यावर डोके टेकले की झोप लागते.

त्या उशीवर आम्हीही झोपलो आहोत. माताजींच्या प्रश्नाला आम्हाला उत्तर सुचले नाही याचे कारण ते आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही ज्या कचेरीत होतो तेथे दौसा भागातले एक वृद्ध गृहस्थ येत. त्यांचा मुलगा नोकरीत असताना अपघाताने गेला होता. त्याची काही देय रक्कम बापास मिळायची होती. मुलाच्या सेवापुस्तकात बापाचे नाव ‘रामसरूप’ या वळणाचे होते, आधारवर ‘रामस्वरूप’ या वळणाचे. (नाव आम्ही बदलले आहे, फरक तेवढाच होता.) बोलण्यात दोन्ही एकच, राजस्थानात खेड्यातला माणूस दुसरे काही उच्चारतच नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र लाल अक्षरे उमटत आणि पुढचे पान उघडत नसे. आम्ही त्यांना सांगितले, सिस्टीम घेत नाही. ते परत गेले आणि सरपंचाचे पत्र घेऊन आले. आम्ही सांगितले, सिस्टीम घेत नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी मुलाचे ओळखपत्र आणले होते, फोटो दाखवण्यासाठी; आपण त्याचे बाप आहोत हे चेहऱ्यावरून कळेल, असे त्यांना वाटत असावे. चेहरा खरोखरच तोच होता. कपाळ, नाक, डाव्या भुवईचा वाक. आम्ही ते पाहिले, आणि आम्ही सांगितले, सिस्टीम घेत नाही. आमचा स्वर अतिशय सौजन्याचा होता, हे आम्हाला आठवते. चौथ्यांदा ते आले नाहीत.

आम्ही पैसे मागितले नव्हते, उर्मट बोललो नव्हतो, एकही खोटी नोंद केली नव्हती. कोट किरानाच्या हजेरीपटाशी तुलना केली तर आमचे हात स्वच्छ होते. पुढे वर्षभराने बदलीचा हुकूम आला, आणि टेबल रिकामे करताना परिपत्रकांच्या फायलीत एक कागद सापडला. नावाच्या लिखाणात असा किरकोळ फरक असल्यास प्रतिज्ञापत्र घेऊन, अधिकाऱ्याच्या मंजुरीने, प्रकरण कागदी फायलीवर चालवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. कागदाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ म्हणून छोटी सही होती. ती आमची होती. तारीख त्या गृहस्थांच्या पहिल्या फेरीच्या पाच महिने आधीची.

तेव्हा नकार कोणाचा, हे आम्हाला अगदी स्पष्ट कळले. यंत्राने फक्त एवढेच सांगितले होते की दोन अक्षरमाला सारख्या नाहीत. आणि ते खरेच होते. ‘तुम्ही बाप नाही’ हे वाक्य आम्ही उच्चारले. वरच्यांची जबाबदारी मोठी आहे, ज्यांनी असे यंत्र बसवले की ज्यात दोन उच्चारांना जागा नाही. ज्या कंपन्या ती यंत्रे विकतात त्यांचीही आहे. आणि तिची चर्चा विधानसभेत व न्यायालयात व्हावी, हे आम्हाला मान्य आहे. परंतु ती चर्चा पुरी होईतो काउंटरवर जे घडते ते आमच्या हातून घडते. जुन्या कचेऱ्यांत एक रीत होती, अजूनही नियमात आहे: अर्ज नामंजूर करायचा तर कारण लिहायचे आणि खाली सही करायची. कारकुनाला ती रीत जाचक वाटे. लेखणी कागदावर टेकवून ‘हा इसम मयताचा बाप असल्याचे दिसत नाही’ असे लिहायचे आणि खाली आपले नाव घालायचे म्हटले असते, तर त्या चेहऱ्यासमोर आमचा हात चालला नसता. आम्ही उठून अधिकाऱ्याकडे गेलो असतो, आणि परिपत्रक अर्ध्या तासात सापडले असते. तोंडी ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणण्याला सही लागत नाही.

याला उत्तर म्हणून आमचे एक सहकारी म्हणतात, ‘‘तुम्ही फार ताणता. कारकुनाला विवेक वापरण्याची मुभा दिली तर उद्या तो त्याचा बाजार मांडील.’’ ते अनुभवाने बोलतात, आणि त्यांचे खोडून काढणारे पुरावे आमच्याजवळ नाहीत. फार तर इतके म्हणता येईल की बाजार अंधारात मांडता येतो. सही करून, कारण लिहून, आणि माहितीच्या अर्जावर ते कोणालाही वाचता येईल हे ठाऊक असताना तो मांडणे कठीण जाते. पण अशा कचेऱ्याही आम्ही पाहिल्या आहेत जेथे तेही जमते.

माताजींचे काम त्या दिवशी झाले. मुलगा त्यांच्या प्रश्नाने जो गप्प बसला, तो उठून आतल्या खोलीत गेला आणि खालच्या कप्प्यातून एक छापील कागद घेऊन आला. कागदी दाखला अजूनही चालतो. तो कधी बंद झालेलाच नव्हता. माताजींनी उर्दू वळणाच्या हाताने, हिंदीत, सही केली. सासऱ्यांनी मुलतानच्या घराचा ‘क्लेम’ 1950 च्या कायद्याखाली कसा लावला होता, हे त्या आम्हाला रिक्षात सांगत होत्या. घर मागे राहिले, कागद मागे राहिले. ते म्हणे शपथेवर बोलत आणि समोरचा बाबू लिहून घेई, किती खोल्या, विहीर कोठे, अंगणात झाड कशाचे. बाबूने झाडाचे नाव दोनदा विचारले म्हणून सासरे चिडले होते. नंतर कळले की त्याच मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कोणी तेच झाड सांगितले होते आणि बाबू ताडून पाहत होता.

त्या रात्री आम्ही जुन्या कचेरीतल्या मित्राला फोन केला. प्रकरण निकाली निघालेले नव्हते. बंदही झालेले नव्हते. आमच्या विनंतीवरून तेथल्या अधिकाऱ्यांनी ते कपाटातून बाहेर काढवले, आणि त्यांच्या सहीने दौश्याकडच्या पत्त्यावर पत्र गेले: प्रतिज्ञापत्र घेऊन यावे, अथवा येणे शक्य नसल्यास पाठवावे. पत्र पोचले असल्याचे टपालाच्या नोंदीत दिसते. घेणाऱ्याची सही फोनच्या काचेवर बोटाने केलेली आहे. एक वाकडी रेघ, आणि तिच्यापुढे थोडी तुटक दुसरी. ती त्यांची आहे की घरातल्या आणखी कोणाची, ते आम्हाला ओळखता आलेले नाही. येत्या शनिवारी सुटी आहे. दौशाची बस सकाळी लवकर सुटते.